कौल, माग आणि खतावणी : श्रद्धेने चालवलेल्या धंद्याची कसोटी कोणती?

१/२४
कोकणात किंवा कारवार-मंगळूरच्या पट्ट्यात जुन्या घराची दुरुस्ती निघाली की छपरावरून उतरवलेली कौले अंगणात रचली जातात. एखादे कौल उलटे केले तर पाठीवर उठावाची रोमन अक्षरे दिसतात : बासेल मिशन टाइल वर्क्स, कारखान्याच्या गावाचे नाव आणि बहुधा १८६५ हे साल. धर्मप्रसारासाठी आलेल्या मिशनचे नाव कौलावर कसे आले? या साध्या प्रश्नामागे धर्म, धंदा आणि मजुराची भाकरी यांच्या नात्याचा एक जुना, अजून न मिटलेला वाद आहे.

२/२४
ख्रिस्ती मिशनांचा विषय निघाला की चर्चा दोन ठरावीक वाटांनी जाते. एक वाट शाळा-दवाखान्यांच्या कौतुकाची, दुसरी धर्मांतराच्या आरोपाची. दोन्ही वाटांवरून जाणारे लोक खतावणी क्वचितच उघडतात. मजुरी कोणी ठरवली, नफा कोठे गेला, कारखाना कोणाच्या मालकीचा होता, हे प्रश्न मागे राहतात. वास्तविक श्रद्धा आचरणात किती उतरली याचा पुरावा प्रार्थनामंदिरापेक्षा तेथे अधिक सापडतो.

३/२४
या धाग्यात तीन ठिकाणे आहेत : मंगळूर, केडगाव आणि वसई. तिन्ही ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धेने उद्योग किंवा पतव्यवहार उभा केला. तिन्ही ठिकाणी मालकीचे उत्तर वेगळे होते. प्रतिपादन एवढेच, की अशा धंद्याची कसोटी त्याने किती दान दिले यावर लावू नये. ज्याची चूल त्या धंद्यावर पेटते, त्याच्या हाती किती अधिकार आला यावर ती लावावी.

४/२४
बासेल मिशनची स्थापना १८१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी झाली. तिचे बरेचसे प्रचारक जर्मनीच्या व्युर्टेम्बर्ग प्रांतातील शेतकरी आणि कारागीर घरांतून येत. कंपनी सरकारच्या १८३३ च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना हिंदुस्थानात काम करण्यास वाट मोकळी झाली आणि १८३४ मध्ये हेबिख, लेनर आणि ग्रायनर हे तिघे मंगळूरला पोहोचले. पुढे धारवाड, हुबळी, बेटगेरी हा भागही मिशनच्या कक्षेत आला. मिशनच्या दप्तरी या प्रदेशाचे नाव होते ‘दक्षिण मराठा’.

५/२४
धर्मांतर केलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न पोटाचा उभा राही. जात सुटली की जातीचा धंदा सुटे, कुळाने कसायची जमीन जाई, गावातली उधारी बंद होई. दक्षिण कानडा जिल्ह्यात ताडी काढणाऱ्या बिल्लव समाजातून अनेक जण ख्रिस्ती झाले. ताडीचा धंदा नव्या धर्माला मान्य नव्हता. म्हणजे ज्या श्रद्धेने त्यांना नवे नाव दिले, तिनेच त्यांचे जुने उत्पन्न काढून घेतले. त्याची भरपाई करणे मिशनला भाग होते.

६/२४
आरंभीचे काही प्रयोग फसले. मग १८४१ मध्ये शिळाछापखाना निघाला. १८५१ मध्ये हालर नावाचा निष्णात विणकर आला आणि मागांचा कारखाना उभा राहिला. १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट याने नेत्रावती नदीकाठी जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. स्थानिक माती तपासून, यंत्रावर दाबून, भट्टीत भाजलेले हे चपटे कौल एकमेकांत खाचेने अडकत असे. नळीची कौले दर पावसाळ्याआधी चाळावी लागत. या कौलाने तो खर्च बराच वाचवला. पुढे कालिकत, कोडक्कल, पालघाट, मालपे, फेरोक येथेही भट्ट्या पेटल्या.

७/२४
व्यवहार सांभाळण्यासाठी १८५९ मध्ये बासेल येथे स्वतंत्र व्यापारी कंपनी स्थापन झाली. भागधारकांना मर्यादित लाभांश आणि उरलेला नफा मिशनच्या कामाला, अशी तिची घडी होती. मिशनच्या आतही यावर मतभेद होते. प्रवचन करणाऱ्याने भाव ठरवावा काय? आत्म्याची काळजी घेणाऱ्याने हजेरीपटही ठेवावा काय? विरोधकांना धंद्याने धर्म विटाळेल अशी भीती वाटे. कारखान्याच्या बाजूने बोलणारे म्हणत, की प्रामाणिक माप आणि वेळेवर दिलेली मजुरी हाही उपदेशच आहे.

८/२४
कारखान्यात दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होई. रविवारी काम बंद असे. दारूला मनाई होती. बचतीचा आग्रह होता. आजारपणासाठी निधी होता. घड्याळाच्या ठोक्यावर जगण्याची शिस्त येथे धर्मकर्तव्य म्हणून शिकवली गेली. माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या नात्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याला हवा तसा नमुना मंगळूरच्या भट्टीवर कित्येक दशके आधीच तयार झालेला होता.

९/२४
या व्यवस्थेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ज्याला गावाने वाळीत टाकले त्याच्या हाती कौशल्य आले, रोख मजुरी आली, मुलांना शाळा मिळाली. परंतु येथेच पहिला पेच आहे. मालक, पाळक आणि आजारपणी मदत करणारा हात, तिन्ही एकाच संस्थेचे होते. मंडळीच्या शिस्तीविरुद्ध बोलणाऱ्याला रोजगाराचाही विचार करावा लागे. अशा ठिकाणी मजुराचा ‘होय’ हा श्रद्धेचा की गरजेचा, हे इतिहासकारालाच काय, कदाचित त्या मजुरालाही सांगता आले नसते.

१०/२४
१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. मिशनमध्ये जर्मन माणसे बरीच असल्याने ब्रिटिश सरकारने तिची मालमत्ता शत्रूची म्हणून ताब्यात घेतली. उद्योग पुढे कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. भट्ट्या चालू राहिल्या, पण मालक बदलला आणि ज्यांनी दोन-तीन पिढ्या माती मळली त्यांना कोणी विचारले नाही. नफ्याचा हेतू कितीही पवित्र असला, तरी मालकी दूरच्या शहरात असेल तर तिचा निर्णयही दूरच होतो.

११/२४
हा पेच केवळ हिंदुस्थानातला नव्हता. इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या कॅडबरी कुटुंबाने १८७९ मध्ये बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल येथे कारखाना नेला. कामगारांसाठी बागा, खेळाची मैदाने, हवेशीर घरे उभी राहिली. आदर्श कारखाना म्हणून जग त्याकडे पाहू लागले. पण चॉकलेटला लागणारा कोको पोर्तुगिजांच्या साओ टोमे बेटावरून येई आणि तेथील मजूर जवळजवळ गुलाम होते.

१२/२४
कॅडबरींना ही वार्ता १९०१ च्या सुमारास कळली. त्या बेटावरची खरेदी थांबली १९०९ मध्ये. मधली वर्षे चौकशीत आणि मुत्सद्देगिरीत गेली. एका वृत्तपत्राने ढोंगाचा आरोप केला तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकलाही. पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमधले सर्वांत लहान नाणे. कायद्याने दावा मान्य केला आणि नैतिक बाजूची किंमतही त्याच निकालात सांगून टाकली. डोळ्यांपुढच्या कामगाराशी चांगले वागणे तुलनेने सोपे असते. माल जेथून येतो तेथपर्यंत श्रद्धा पोहोचते काय, हा अवघड भाग.

१३/२४
आता पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव. पंडिता रमाबाईंचे नाव विदुषी, सुधारक आणि धर्मांतरित स्त्री म्हणून सर्वांना ठाऊक आहे. संस्था चालवणाऱ्या व्यवहारकुशल स्त्री म्हणून त्यांच्याकडे फार कमी पाहिले जाते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. त्यामागे अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. विधवांचे शिक्षण बागेच्या उत्पन्नावर चालावे, ही त्यामागची योजना.

१४/२४
रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर लगेचच आपल्या अँग्लिकन मार्गदर्शक भगिनींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. कोणत्या सिद्धान्तावर विश्वास ठेवावा हे दुसऱ्याने ठरवू नये, आपला विवेक आपल्यापाशी राहील, अशी त्यांची ठाम भूमिका होती. ज्यांनी आश्रय दिला, त्यांनाही त्यांनी विवेकाचा ताबा दिला नाही. केडगावचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१५/२४
१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे, त्यांतले आरमोरीही, तेव्हा त्या प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होते. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचलेला नव्हता. १८७० च्या दशकातील दुष्काळाने त्यांचे आई-वडील नेले होते. सरकारी मदतकेंद्रांत आणि दरिद्रालयांत अनाथ मुलींची होणारी विटंबना पाहून त्या सुमारे ३०० मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झाले आणि फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले.

१६/२४
१९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचे रोजचे धान्य, पाणी, कापड यांचा हिशेब करणे म्हणजे एक गाव चालवणे. शेती, गोठा, तेलघाणी, माग, शिवणकाम, धुलाई, छापखाना अशी कामे उभी राहिली. रमाबाईंवर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरच्या चरित्राचा प्रभाव होता : कर्ज काढायचे नाही, ठरलेल्या वर्गणीवर विसंबायचे नाही, गरज प्रार्थनेत मांडायची. मात्र प्रार्थनेच्या जोडीला विहिरी खणल्या जात होत्या आणि घाणी फिरत होती.

१७/२४
छापखाना हे मुक्तीचे सर्वांत बोलके दालन. ज्या मुलींना अक्षर ओळखणेही निषिद्ध मानले गेले होते, त्या तेथे खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. छपाई मुक्तीतच झाली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. भाषांतर स्त्रीचे, जुळणी स्त्रियांची, कागद दाबणारे हातही त्यांचेच.

१८/२४
सासरी राबणाऱ्या विधवेच्या कामाला मोल नव्हते. तिचे श्रम गृहीत धरलेले होते. केडगावला तेच श्रम कौशल्य ठरले. कौशल्य अंगी आले की माणूस दुसरीकडे जाऊ शकतो आणि जाऊ शकणारा माणूस नकार देऊ शकतो. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि हिंदू समाजातच राहून पुढे कर्व्यांच्या कार्याला हात दिला. रमाबाईंच्या संस्थेतून बाहेर पडण्याचा रस्ता खुला होता, याचा हा ठळक दाखला.

१९/२४
दुसरी बाजूही तितकीच खरी. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. मुलींवर ख्रिस्ती वळण पडते ही त्यांची तक्रार होती. मुक्तीत तर सामूहिक बाप्तिस्मे झाले. दुष्काळातून वाचवलेल्या बारा वर्षांच्या पोरीने जिने अन्न दिले तिचा देव नाकारावा, अशी अपेक्षा कोणी करावी? टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तितक्या मुलींना घर दिले, हे खरे. पण त्याने प्रश्न मिटत नाही. स्वतःच्या विवेकासाठी वाँटेजशी भांडलेल्या स्त्रीच्या संस्थेला तो अधिकच विचारला पाहिजे.

२०/२४
तिसरे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. उपाय शोधताना सरकारची दृष्टी जर्मनीकडे वळली. तेथील एक नगरप्रमुख, श्रद्धाळू प्रॉटेस्टंट रायफायझेन, यांनी १८५४ मध्ये हेडेस्डोर्फ येथे धनिकांच्या देणग्यांवर चालणारी धर्मादाय संस्था काढली होती. देणाऱ्यांचा उत्साह ओसरतो हे अनुभवून त्यांनी १८६४ मध्ये तिचे रूपांतर कर्जदारांनीच मिळून चालवायच्या पतसंस्थेत केले. शेजारधर्म तोच राहिला. मालकी मात्र घेणाऱ्याच्या हाती आली.

२१/२४
हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला. त्याआधी, १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या हक्कांविषयी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले होते. या दोन्हींचा मेळ छोटा नागपूरच्या जंगलात दिसला : जेझुइट धर्मगुरू होफमान यांनी १९०९ मध्ये मुंडा आदिवासींसाठी सहकारी पतसंस्था उभारली. १९१८ मध्ये वसईत मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने असाच यत्न झाला. आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक हा त्याचाच वारसा.

२२/२४
वसईचा ख्रिस्ती शेतकरी केळी, पानवेल, भाजीपाला पिकवून मुंबईच्या बाजारावर जगत होता. वाडी त्याची, घाम त्याचा. पण अडीअडचणीला सावकाराचे दार. सहकारी संस्थेत तोच भागधारक झाला. भाग कमी असोत की जास्त, सहकाराच्या नियमाने मत एकच. धर्मगुरूने पुढाकार घेतला, पण वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा हक्क सभासदाचा. मंगळूरच्या कौलकामगाराला आणि केडगावच्या मुलीला जे मिळाले नव्हते, ते येथे नियमातच लिहिलेले होते.

२३/२४
सहकारालाही मर्यादा आहेत. एका समाजासाठी काढलेल्या संस्थेच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हे विचारावेच लागते. ताळेबंद वाचण्याचा हक्क असूनही सभासद वाचत नसतील तर काय होते, हे महाराष्ट्राने अनेक साखर कारखान्यांत आणि बँकांत पाहिले आहे. शिवाय दोन हजार भुकेल्या मुली दारात असताना भागभांडवल गोळा करत बसता येत नाही. तेथे रमाबाईंचाच मार्ग खरा. पण जीव वाचवणे हा आरंभ झाला. वाचलेल्या माणसाला उभे राहण्याइतकी जागा सोडणे ही पुढची पायरी, आणि श्रद्धाळू मालकांची पावले बहुधा तेथेच अडखळली.

२४/२४
बायबलमध्ये खोट्या मापाचा निषेध आहे आणि मजुराची मजुरी अडवून ठेवणाऱ्याला कठोर शब्द आहेत. हा दंडक कोणत्याही धर्माच्या माणसाला परका वाटू नये. आरमोरीच्या परिसरात ढिवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवतात, कोष्टी त्याचे कापड विणतात. तेथे उद्या कोणी श्रद्धेचे, सेवेचे किंवा संस्कृतीचे नाव घेऊन उद्योग काढला, तर त्याच्या भिंतीवरची तसबीर पाहून मत बनवू नये. कोशाचा भाव कोण ठरवतो, वही कोणाला उघडून पाहता येते आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काम दुसऱ्या दिवशी टिकते काय, एवढे विचारावे. मंगळूर, केडगाव आणि वसईच्या इतिहासातून हेच तीन प्रश्न हाती लागतात.